शेल टेस्ट एका मशीनवर पास, दुसऱ्यावर फेल: बाहेरून येणारे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल अडवायचे कसे?

शब्दवेचा

नमस्कार मंडळी. मराठी शब्दयाद्या साफ करायच्या काही शेल स्क्रिप्ट आम्ही चारपाच जण मिळून सांभाळतो, म्हणजे डुप्लिकेट काढणं, अकारविल्हे लावणं, शब्दाची अक्षरं मोजणं, दिवसाच्या तारखेची फाइल बनवणं असली कामं. टेस्ट पण साध्या शेलमध्येच आहेत, स्क्रिप्ट चालवायची आणि आउटपुट अपेक्षित फाइलशी डिफ करायचं, फ्रेमवर्क वगैरे काही नाही.

माझ्या लॅपटॉपवर आणि सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणारं मशीन) सगळं हिरवं, म्हणजे पास. एक नवीन मैत्रीण जॉइन झालीये, ती तिच्या लॅपटॉपवरून एसएसएच करून (लांबून लॉगिन करून) सर्व्हरवर काम करते, तिच्याकडे तीन प्रकारचे फेल्युअर येतायत. एक, टेस्टच्या सुरुवातीला आम्ही स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये सीडी करून (फोल्डर बदलून) पीडब्ल्यूडीचं (सध्याचा पाथ छापणारी कमांड) आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेतो, तिच्याकडे त्या व्हेरिएबलमध्ये तोच पाथ दोनदा येतो, दोन ओळीत. दोन, सॉर्टचा क्रम वेगळा. तीन, तारखेच्या फाइलची टेस्ट कधी फेल कधी पास, आणि ही तिसरी माझ्याकडे पण एकदोनदा झाली पण परत चालवली की पास.

टेस्टच्या वरती अनसेट लँग (भाषा ठरवणारं व्हेरिएबल काढणं) टाकून बघितलं, काही फरक नाही. आता प्रश्न असा की लोक नक्की करतात काय, धोकादायक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलची (बाहेरच्या शेलकडून प्रोग्रामला आपोआप मिळणारी नावं आणि किंमती) लांबलचक यादी करून एकेक अनसेट करायचे, की एन्व्ह -आय ने सगळंच कोरं करायचं? नवीन माणसाने क्लोन करून पहिल्याच दिवशी टेस्ट लाल बघितल्या की तो परत येत नाही, म्हणून हे एकदा नीट करून टाकायचंय.

रात्रपाळी

तिन्ही वेगवेगळी भुतं आहेत, एकेक बघू.

पाथ दोनदा येणं म्हणजे सीडीपाथ (सीडीने फोल्डर कुठे कुठे शोधायचं त्याची यादी), डोळे झाकून सांगतो. तिच्या बॅशआरसीमध्ये (बॅश शेल सुरुवातीला वाचतो ती फाइल) सीडीपाथ एक्सपोर्ट केलेला, म्हणजे खालच्या प्रोग्रामना दिलेला, असणार. पॉझिक्सचा (युनिक्सच्या कमांडींचं मानक) नियमच आहे की सीडीने सीडीपाथमधल्या एखाद्या एंट्रीच्या मदतीने फोल्डर शोधलं तर नवीन पाथ स्टँडर्ड आउटपुटवर छापायचा, टर्मिनल असो नसो. मग तुमच्या ओळीत एक पाथ सीडीने छापला आणि दुसरा पीडब्ल्यूडीने. यादीत नुसता टिंब असला तरी छापतं, कारण ती एंट्री रिकामी नाही. आणि हे फक्त तेव्हाच होतं जेव्हा सीडीला दिलेलं नाव स्लॅशने, टिंबाने किंवा दोन टिंबांनी सुरू होत नाही, म्हणून टेस्ट फोल्डरच्या आत जाऊन चालवली की सगळं ठीक आणि बाहेरून चालवली की फेल, आणि माणूस चक्रावून जातो. सीडीपाथ स्वतःच्या शेलमध्ये ठेवायला काहीच हरकत नाही, फार सोयीचं आहे, पण एक्सपोर्ट करायचं नाही एवढं तिला सांगा. तुमच्या बाजूने अनसेट सीडीपाथ.

सॉर्ट: अनसेट लँगने फरक पडणार नाही कारण लँगचा नंबर शेवटचा लागतो. आधी एलसी_ऑल, ते नसेल तर त्या त्या प्रकारचं म्हणजे इथे एलसी_कोलेट, आणि तेही नसेल तर लँग. ती एसएसएचने येते म्हणालात ना, डेबियन आणि उबंटूमध्ये एसएसएच क्लायंटच्या डिफॉल्ट कॉन्फिगमध्ये लँग आणि एलसी_ ने सुरू होणारे सगळे पाठवायचे अशी ओळ असते आणि सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ते स्वीकारायची. म्हणजे तिच्या लॅपटॉपचं लोकेल (भाषा आणि देशाप्रमाणे क्रम वगैरेचे नियम) गुपचूप सर्व्हरवर पोचतंय. सर्व्हरवरच्या फाइलींमध्ये कितीही शोधलं तरी सापडणार नाही, कारण ते तिथे कुठे लिहिलेलंच नाही. जीएनयू सॉर्टला --डीबग देऊन बघा, कुठल्या लोकेलच्या नियमाने लावतोय ते स्पष्ट छापतो.

तारीख: तुमच्याकडे कुठेतरी एका बाजूला साधं डेट आहे आणि दुसऱ्या बाजूला डेट -यू, म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्री १२ पासून पहाटे ५:३० पर्यंत आपली तारीख आणि यूटीसीची तारीख वेगळी. त्या वेळात टेस्ट चालवली की फेल, दिवसा चालवली की पास. सीआयचं मशीन यूटीसीवर असतं म्हणून तिथे हे कधीच दिसणार नाही. तुमच्या फेलची वेळ लॉगमध्ये असेल तर ताडून बघा.

आणि इथे एक महत्त्वाचं, टीझेड (टाइमझोनचं व्हेरिएबल) नुसतं अनसेट करून भागत नाही! टीझेड नसेल तर सिस्टीमचा लोकल टाइमझोन लागतो, म्हणजे परत भारतीय वेळच. किंमतच द्यायची, यूटीसी आणि पुढे शून्य, ती टाइमझोनच्या फाइली इन्स्टॉल नसल्या तरी चालते. मुद्दाम भारतीय वेळेत टेस्ट करायची असेल तर आयएसटी, मग वजा चिन्ह, मग ५:३०. हो, वजाच, पॉझिक्सच्या पद्धतीत चिन्ह उलटं असतं, पूर्वेकडच्या देशांना वजा. अधिक दिलंत तर अकरा तासांची गडबड होईल आणि दिवसा सुद्धा टेस्ट लाल.

किरकोळशेल

रात्रपाळी यांनी तिन्ही बरोब्बर ओळखलेत. पण मूळ प्रश्न यादी की कोरं, त्यावर माझं मत ठाम आहे, कोऱ्यापासूनच सुरू करा.

कारण यादी कधीच पुरी होत नाही. आज सीडीपाथ टाकाल, उद्या कोणीतरी पॉझिक्सली_करेक्ट घेऊन येईल आणि जीएनयूच्या कमांडी ऑप्शन शेवटी दिलेले ओळखणार नाहीत आणि डीएफ १०२४ ऐवजी ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये आकडे देईल. ग्रेप_ऑप्शन्सचं उदाहरण घ्या, लोक त्यात रंग कायमचे चालू ठेवायचे आणि मग प्रत्येक स्क्रिप्टच्या ग्रेप आउटपुटमध्ये रंगाचे कोड घुसायचे. ग्रेप २.२१ मध्ये, २०१४ साली, ते कालबाह्य ठरवलं, वापरलं की वॉर्निंग यायला लागली, आणि ३.६ मध्ये २०२० ला त्याचा परिणामच बंद केला. म्हणजे एका व्हेरिएबलला मूळ टूलमधून हद्दपार करायला सहा वर्षं. बाकीच्यांची वाट बघत बसणार का?

आणि काही तर अनसेट करताच येत नाहीत. बॅशमध्ये शेलऑप्ट्स (चालू असलेल्या ऑप्शनची यादी) रीडओन्ली आहे. कोणी ते एक्सपोर्ट केलं असेल आणि त्यात एक्सट्रेस (चालवलेली प्रत्येक कमांड छापणं) असेल तर खालचा प्रत्येक बॅश स्टँडर्ड एररवर ट्रेस ओकत बसतो, आणि तुम्ही एररचं आउटपुट तपासत असाल तर संपलंच. अनसेट केलं की बॅश म्हणतो रीडओन्ली आहे. ते बाहेरूनच काढावं लागतं. शिवाय एक्सपोर्ट केलेली फंक्शन्स. कोणी एलएस किंवा ग्रेप नावाचं फंक्शन एक्सपोर्ट केलं असेल तर ते तुमच्या स्क्रिप्टमध्ये हजर. (एलियास मात्र येत नाहीत, लोक उगाच त्यांना दोष देतात.) २०१४ च्या सप्टेंबरमधलं शेलशॉक प्रकरण (बॅशमधलं सुरक्षेचं भगदाड) याच दारातून आलं होतं, एन्व्हायरन्मेंटमधून फंक्शन आत घेण्याच्या सोयीतून. त्यानंतर अशा फंक्शनच्या नावाला आगापिछा लावायला लागले पण सोय अजून आहेच.

तर करायचं असं. एक रनर स्क्रिप्ट, शीबँगमध्ये (कुठला शेल वापरायचा ते सांगणारी पहिली ओळ) साधं एसएच. बॅश नको, कारण बॅश म्हणून चालवला की तो बॅश_एन्व्हमध्ये सांगितलेली फाइल आधी वाचतो, पहिल्या ओळीच्याही आधी, आणि क्लस्टरवर मॉड्यूल सिस्टीम ते व्हेरिएबल सेट करून ठेवतात. एसएच या नावाने चालवला तर तो ते वाचत नाही. रनर स्वतःलाच एक्झेकने परत चालवतो, एन्व्ह -आय च्या मागे, आणि मोजकंच देतो: पाथ जसा आहे तसा, होम म्हणून नुकतंच बनवलेलं रिकामं फोल्डर, टीएमपीडीआयआर त्याच्याच आत, एलसी_ऑल सी, टीझेड यूटीसी शून्य, टर्म डंब. बास. एन्व्हचा पूर्ण पाथ लिहा, यूएसआर बिनमधला, म्हणजे त्या नावाचं फंक्शन असलं तरी मध्ये येणार नाही.

आणि "मी एकदा स्वच्छ झालोय" ही खूण व्हेरिएबलमध्ये ठेवू नका! बऱ्याच ठिकाणी असंच बघितलंय, स्वच्छ=१ असेल तर परत एक्झेक करू नको. पण ते व्हेरिएबल पण बाहेरूनच येऊ शकतं, ज्याच्यापासून बचाव करायचा त्याच्याच हातात किल्ली दिल्यासारखं आहे. खूण पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये द्या.

शब्दवेचा

खूप आभार दोघांचे. सीडीपाथ तिच्याकडे एक्सपोर्ट होताच, आणि फेल झालेल्या लॉगच्या वेळा मध्यरात्रीनंतरच्याच निघाल्या. रनर लिहिला, किरकोळशेल यांनी सांगितला तसाच.

पण एलसी_ऑल सी केल्यावर नवीन गोष्ट झाली, अक्षरं मोजायची टेस्ट सगळीकडे फेल. डब्ल्यूसी -एम ला "मराठी" दिलं की ५ यायचे, आता १५ येतात. आणि अकारविल्हे लावायची टेस्ट पास होतेय पण आउटपुट बघितलं तर ळ चे शब्द ल आणि व च्या मध्ये आलेत. अपेक्षित फाइलमध्ये पण तसंच आहे, म्हणजे टेस्ट चुकीच्याच क्रमाला बरोबर म्हणत होती इतके दिवस. आमच्या वापरणाऱ्यांना ळ ह च्या नंतर हवाय, वर्णमालेत आहे तसा. मग टेस्टमध्ये लोकेल मराठी ठेवायचं का?

काना_मात्रा

हा धागा वाचून राहवलं नाही, देवनागरी आणि लोकेल हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

आधी १५ चं. सी लोकेलमध्ये एक बाइट म्हणजे एक कॅरेक्टर, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी, पाच चिन्हं, पंधरा बाइट. म्हणून एलसी_ऑल ला नुसतं सी नको, सी.यूटीएफ-८ द्या. क्रम कोडपॉइंटप्रमाणेच (युनिकोडमधला चिन्हाचा नंबर) राहतो, देशाचे नियम लागत नाहीत, पण मोजणी ५ येते. ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) ते अधिकृतपणे २.३५ पासून, म्हणजे २०२२, पण डेबियन आणि फेडोरामध्ये त्याच्या आधीपासून होतं. मॅकवर असेलच असं धरू नका, लोकेल -ए मध्ये बघून मगच पुढे जा, आणि नसेल तर रनरने तिथेच स्पष्ट मेसेज देऊन थांबावं. कारण नसलेलं लोकेल दिलं तर सॉर्ट तक्रार न करता बाइटच्या क्रमाने लावतो. तुमच्या सीआयच्या छोट्या इमेजमध्ये मराठी लोकेल इन्स्टॉलच नसणार, म्हणून तिथे सगळं हिरवं होतं.

आता ळ. यावर माझं म्हणणं की टेस्टचं लोकेल मराठी करू नका आणि खऱ्या टूलला पण सिस्टीमच्या लोकेलवर सोडू नका. लोकेल सारखं असलं तरी क्रम सारखा असेल याची खात्री नसते, ग्लिबसी २.२८ मध्ये, २०१८ साली, क्रमाची माहिती मोठ्या प्रमाणात बदलली आणि लोकांचे डेटाबेसचे इंडेक्स त्याने बिघडले. म्हणजे तुमची शब्दयादी कोणाच्या मशीनवर बनली यावर क्रम ठरणार, हे बरोबर नाही. क्रम हा तुमच्या टूलचा निर्णय असला पाहिजे.

सोपा उपाय आहे. प्रत्येक शब्दाच्या आधी एक किल्लीचा कॉलम बनवा, त्यात तोच शब्द पण ळ च्या जागी अवग्रह ऽ, मध्ये टॅब. मग एलसी_ऑल सी लावून त्या कॉलमवर सॉर्ट, आणि कट करून मूळ शब्द परत घ्या. अवग्रहच का, तर युनिकोडमध्ये तो ह च्या नंतर आणि कान्याच्या आधी बसतो. ब्लॉकच्या अगदी शेवटचं एखादं चिन्ह घेतलंत तर ळ ह च्या नंतर जाईल खरा पण "कळ" हा शब्द "का" च्याही नंतर जाईल, आणि ते चूक, कोशात कळ आधी यायला पाहिजे. अवग्रह घेतला की दोन्ही जमतं. यादीत खरे अवग्रह असतील तर ते किल्लीतून आधी काढून टाका. क्ष आणि ज्ञ ला क आणि ज मध्येच ठेवायचं की शेवटी, ते तुम्ही ठरवा, शेवटी हवे असतील तर त्यांनाही किल्लीत अशीच जागा द्यावी लागेल.

आणि मग टूलमध्ये एलसी_ऑल फक्त त्या सॉर्टच्या कमांडपुढे, पूर्ण स्क्रिप्टला एक्सपोर्ट नको, नाहीतर वापरणाऱ्याला एरर मेसेज त्याच्या भाषेत दिसायचे बंद होतील. असं केलंत की क्रमाची टेस्ट कुठल्याही लोकेलमध्ये पास व्हायला पाहिजे, आणि तसं मुद्दाम तपासा पण.

घाटावरचा

किरकोळशेल, तुमचा मान ठेवून थोडा विरोध करतो. एन्व्ह -आय ऐकायला छान पण काही मशीनवर त्यानेच टेस्ट मरतात. विंडोजवर गिट बॅशमध्ये सिस्टमरूट नसेल तर बरेच प्रोग्राम नीट सुरूच होत नाहीत. कोणाची एखादी लायब्ररी एलडी_लायब्ररी_पाथवर अवलंबून असते, ऑफिसमधल्या प्रॉक्सीमागे बसलेल्यांचं डाउनलोड प्रॉक्सीच्या व्हेरिएबलशिवाय होत नाही. मग लोक काय करतात, रनरला वळसा घालून टेस्ट थेट चालवायला लागतात, आणि सगळी मेहनत पाण्यात.

गिटचा (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) स्वतःचा टेस्ट सूट बघा, हजारो शेल टेस्ट आहेत आणि तिथे एन्व्ह -आय नाही. एक सामाईक लायब्ररी फाइल प्रत्येक टेस्ट सुरुवातीला वाचते, ती लँग आणि एलसी_ऑल सी करते, टीझेड यूटीसी, पेजर म्हणून कॅट, सीडीपाथ अनसेट, होम टेस्टच्या टाकाऊ फोल्डरवर, आणि गिट_ ने सुरू होणारे सगळे व्हेरिएबल काढते, फक्त ट्रेस वगैरेसाठी लागणारे ठरावीक सोडून. म्हणजे बाहेरचं जग राहू द्यायचं पण स्वतःच्या आडनावाचे सगळे बाहेर. आणि एकटी टेस्ट फाइल चालवली तरी बचाव लागू, रनरची गरज नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

गिटवरून आठवलं, शब्दवेचा तुम्ही टेस्ट प्री-कमिट हुकमधून (कमिटच्या आधी गिट आपोआप चालवतं ती स्क्रिप्ट) चालवता का? चालवत असाल तर हे आधी करा बाकी सगळं नंतर. हुक चालवताना गिट स्वतःचे गिट_डीआयआर, गिट_इंडेक्स_फाइल असले व्हेरिएबल एक्सपोर्ट करतं, नक्की कुठले ते हुकवर आणि वर्कट्रीवर अवलंबून. आता तुमच्या टेस्टने टेम्प फोल्डरमध्ये जाऊन गिट इनिट, ॲड, कमिट केलं की ते टेम्पमध्ये न होता तुमच्या खऱ्या रेपोवर होऊ शकतं! इतर बाबतीत टेस्ट लाल होते एवढंच, इथे कामाचं नुकसान होतं. गिटच्या हुकबद्दलच्या मॅन्युअलमध्येच उपाय दिलाय, गिट रेव्ह-पार्सला --लोकल-एन्व्ह-व्हार्स दिलं की असल्या सगळ्या नावांची यादी मिळते, ती थेट अनसेटला द्यायची. यादी गिट स्वतः देतं म्हणून नवीन व्हर्जनमध्ये नाव वाढलं तरी तुम्हाला बदलायला नको.

तसंच मेक (बिल्ड आणि टेस्ट चालवणारं टूल). मेक चेकमधून टेस्ट चालत असतील तर मेकफ्लॅग्ज आणि मेकलेव्हल आत येतात. टेस्टमध्ये परत मेक चालवलं की त्याला बाहेरचे ऑप्शन लागू, आणि मेसेजमध्ये मेकच्या पुढे चौकोनी कंसात १ छापला जातो, डिफ फेल.

किरकोळशेल

घाटावरचा, हुकचा मुद्दा एकदम मान्य, आणि एकटी फाइल चालवण्याचा पण. पण बघा, गिटला स्वतःच्या व्हेरिएबलना एक आडनाव आहे म्हणून ते सगळे एका झटक्यात काढू शकतात. शब्दवेचांच्या स्क्रिप्टमध्ये तसं आहे का? माझा अंदाज, व्हर्बोज, डीबग, व्हर्जन, आउट अशी मोकळी नावं असणार, आणि "आधीच असेल तर तेच, नसेल तर डिफॉल्ट" या पद्धतीने भरलेली. मग बाहेर कुठल्यातरी दुसऱ्या टूलसाठी डीबग एक्सपोर्ट केलेलं असलं की तुमचं टूल वेगळं वागतं. सेट -यू याच्यात काही मदत करत नाही, ते नसलेलं पकडतं, नको असताना असलेलं नाही. शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं टूल) पण गप्प, कॅपिटल अक्षरांतलं नाव दिसलं की तो ते एन्व्हायरन्मेंटमधलं धरतो.

अजून एक कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट: बाहेरून एक्सपोर्ट होऊन आलेल्या नावाला तुम्ही आत नवीन किंमत दिली तरी ते एक्सपोर्टेडच राहतं. तुम्हाला वाटतं लोकल व्हेरिएबल आहे, पण ते खालच्या प्रत्येक कमांडला जातंय. म्हणून आतली नावं स्मॉल अक्षरात ठेवा, पॉझिक्सने स्मॉल अक्षरांची नावं ॲप्लिकेशनसाठी सोडलेली आहेत, आणि वापरणाऱ्याने बाहेरून द्यायची असतील त्यांनाच एक ठरलेलं आडनाव, उदाहरणार्थ शब्दयादी_. मग गिटसारखं त्या आडनावाचे सगळे टेस्टच्या सुरुवातीला काढता येतात.

सिस्टमरूट वगैरेसाठी एन्व्ह -आय सोडायची गरज नाही, परवानगीची छोटी यादी ठेवा, ते व्हेरिएबल असतील तर पुढे पाठवा. फरक एवढाच की परवानगीच्या यादीत काही राहिलं तर टेस्ट लगेच फेल होते आणि कळतं. बंदीच्या यादीत राहिलं तर वर्षभराने कोणाच्या तरी मशीनवर कळतं.

आयएफएस_प्रश्न

मध्येच विचारतो, आयएफएस (शेलने शब्द कुठे तोडायचे ती चिन्हं) पण बाहेरून कोणी बदलून पाठवलं तर? ते पण सेट करावं ना?

रात्रपाळी

आयएफएसची काळजी नको, शेलने सुरू होताना बाहेरचं आयएफएस सोडून द्यायचं आणि स्पेस, टॅब, नवी ओळ हेच घ्यायचं असा पॉझिक्सचा नियम आहे. स्क्रिप्टच्या आत तुम्हीच बदललं असेल तर परत लावा एवढंच.

शब्दवेचा, मी असतो तर दोन्ही ठेवले असते. रनरमध्ये किरकोळशेल यांचं कोरं एन्व्हायरन्मेंट, आणि प्रत्येक टेस्ट वाचते त्या सामाईक फाइलमध्ये घाटावरच्यांचं: गिटची यादी अनसेट, सीडीपाथ अनसेट, लोकेल आणि टीझेड ठरवून. चारपाच ओळी आहेत, दोनदा असल्या तरी त्रास नाही.

आणि सीआयमध्ये एक जॉब मुद्दाम वाईट एन्व्हायरन्मेंटचा टाका. सीडीपाथमध्ये टिंब आणि टेम्प फोल्डर, एलसी_ऑल टर्किश (तिथे आय अक्षराचं स्मॉल कॅपिटल वेगळं होतं, केस बदलणारी स्क्रिप्ट लगेच सापडते), टीझेड भारतीय वेळ, पॉझिक्सली_करेक्ट सेट, डीबग सेट, गिट_डीआयआर एका नसलेल्या फोल्डरवर. हे सगळं एक्सपोर्ट करून मग टेस्ट चालवायच्या, एकदा रनरमधून आणि एकदा टेस्ट फाइली थेट. टर्किश लोकेल त्या इमेजमध्ये आधी इन्स्टॉल करायला विसरू नका, नाहीतर सॉर्ट गुपचूप सी वर जाईल आणि जॉब खोटाच हिरवा दिसेल. उद्या कोणी सामाईक फाइलमधली एखादी ओळ "ही कशाला" म्हणून काढली तर हा जॉब लाल होतो.

मैत्रिणीकडे अजून काही फेल होत असेल तर तिच्याकडचं एन्व्ह सॉर्ट करून तुमच्याशी डिफ करा, पण इथे चिकटवू नका, त्यात टोकन आणि पासवर्ड असतात. फरक खूप निघाले तर अर्धे व्हेरिएबल कोऱ्या एन्व्हायरन्मेंटमध्ये घालून टेस्ट चालवा, फेल झाली तर त्याच अर्ध्यातले अर्धे, पास झाली तर दुसरे अर्धे. चाळीसएक फरक असले तरी पाचसहा वेळात नाव सापडतं.